पेंग्विन नको, इग्लू नको: उत्तर ध्रुवाकडच्या लोकांचा हवामानबदल वर्गात कसा शिकवावा

हा पाठ मी पहिल्यांदा घेतला तेव्हा शेवटी मुलांना चित्र काढायला सांगितले होते. जवळपास प्रत्येक कागदावर एक इग्लू, शेजारी वितळणारा हिमनग आणि त्यावर अस्वल. दोन-तीन कागदांवर पेंग्विनही होते, म्हणजे मुलांनी अख्खी पृथ्वी ओलांडली होती. एकाने अस्वलाच्या डोळ्यातून पाणी काढले होते. माणूस असला तर केसाळ टोपीतून नुसता डोकावणारा. चूक मुलांची नव्हती. मी जे आणि ज्या क्रमाने शिकवले, तेच कागदावर उतरले होते.

त्यानंतर शिक्षकांच्या कार्यशाळांत हेच वारंवार दिसले. पाठ हिमनगापासून सुरू होतो, अस्वलावर येतो, मग ‘तिथले बिचारे लोक’ येतात आणि ‘झाडे लावा, झाडे जगवा’ म्हणून घंटा होते. मुले दया घेऊन घरी जातात. पुढे दिलेला क्रम उलटा आहे: आधी जागा, मग माणसे, मग बर्फ, मग बदल, आणि शेवटी त्या माणसांनी काय मागितले. सातवी ते नववीसाठी सहा तासिका पुरतात. सोयीसाठी टप्पे सात केले आहेत, शेवटचे दोन एकाच तासिकेत बसतात.

## तयारी: आदल्या आठवड्यात

शब्द आधी ठरवा. वर्गात उभे राहिल्यावर शब्द शोधू नका.

‘एस्किमो’ हा शब्द काढून टाका. कॅनडा आणि ग्रीनलंडमध्ये तो अपमानकारक मानतात, कारण तो बाहेरच्यांनी दिलेला आहे. तिथले लोक स्वतःला इनुइट म्हणवतात. इनुइट हे अनेकवचन, एका माणसाला इनुक म्हणायचे. ‘एक इनुइट’ हे मराठीत ‘एक माणसे’ म्हटल्यासारखे होते. पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका, कारण उत्तरेचे सगळेच लोक इनुइट नाहीत. अलास्काच्या नैर्ऋत्येचे युपिक वेगळे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या कोला द्वीपकल्पावरचे सामी वेगळे. सायबेरियातल्या यामालचे नेनेट्स आणखी वेगळे. ‘लॅप’ हा सामींसाठीचा जुना शब्दही नको.

या सगळ्यांना मिळून काय म्हणायचे? ‘आदिवासी’ म्हणायला हरकत नाही, पण आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे लगेच जंगल आणि तारपा येतो आणि तो मग जाता जात नाही. मी ‘तिथले मूळ रहिवासी’ म्हणतो आणि शक्य तिथे सरळ त्या समाजाचे नाव घेतो.

साहित्य. पृथ्वीगोल, कंपास, कोनमापक, कोरे ए-फोर कागद. सारख्या आकाराचे काचेचे दोन ग्लास, एक ओबडधोबड दगड, बर्फाचे खडे, काचेवर लिहिणारे पेन. स्टीलची दोन ताटे, मूठभर सुके गवत, गोळेवाल्याकडचा किसलेला बर्फ आणि कोणाच्या तरी घरचा फ्रीझर. शाळेत फ्रीझर नसेल तर जवळ राहणाऱ्या पालकांना आधीच विचारून ठेवा. सकाळी ताट आणायला धावपळ होते.

मनाची तयारीही करा. मुले विचारणार, ‘सर, मग आपण काय करायचं?’ याचे उत्तर तुमच्याकडे तयार हवे असे नाही. मात्र घाबरून ‘झाडे लावू’ म्हणायचे नाही, एवढे ठरवून जा.

> तपासा: तुमच्या टिपणात पहिल्या पानावर कुठे ‘अस्वल’ आले आहे का? आले असेल तर ते पान पाचव्या टप्प्यात न्या.

## टप्पा १: मुलांनी स्वतः काढलेला नकाशा

भिंतीवरच्या नकाशाने सुरुवात करू नका. मर्केटर पद्धतीच्या (सपाट, आयताकृती) नकाशात ग्रीनलंड जवळपास आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे आणि ग्रीनलंड भारताच्या साधारण दोन-तृतीयांश. शिवाय त्या नकाशात उत्तर ध्रुव म्हणजे वरची कड. तिथे राहणारी माणसे मग जगाच्या काठावर राहतात असेच वाटते.

पृथ्वीगोल हातात घेऊन वरून बघायला लावा, मग कागदावर ध्रुव मध्यभागी घेऊन नकाशा काढायला सांगा.

कागदाच्या मध्यात टिंब, तो उत्तर ध्रुव. दहा अंश म्हणजे दोन सेंटिमीटर. त्यामुळे ८०°, ७० आणि ६०° ची वर्तुळे अनुक्रमे २, ४ आणि ६ सेंटिमीटर त्रिज्येची. आर्क्टिक वृत्त साडेसहासष्ट अंशांवर, म्हणजे ४.७ सेंटिमीटर. ते तांबड्या पेन्सिलीने काढा. आता ध्रुवापासून सरळ खाली एक रेघ, हे शून्य रेखांश. पूर्व रेखांश इथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजायचे. नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो, कारण मुलांचा हात आपोआप घड्याळाच्या दिशेने फिरतो.

मग ही ठिकाणे मांडा:

- इकालुइत (कॅनडातल्या नुनावुतची राजधानी): ६३.७° उत्तर, ६८.५° पश्चिम
- क्लाइड रिव्हर (नुनावुत): ७०.५° उत्तर, ६८.६° पश्चिम
- कानाक (ग्रीनलंड): ७७.५° उत्तर, ६९° पश्चिम
- उत्कियाग्विक (अलास्का): ७१.३° उत्तर, १५६.८° पश्चिम
- न्यूटॉक (अलास्का): ६१° उत्तर, १६४.६° पश्चिम
- फोसेन (नॉर्वे): ६४° उत्तर, १०° पूर्व
- यामाल द्वीपकल्प (रशिया): ७०° उत्तर, ७०° पूर्व
- नी-ओलेसुंद (नॉर्वेच्या ताब्यातला स्वालबार्ड द्वीपसमूह): ७८.९° उत्तर, ११.९° पूर्व

> तपासा: इकालुइत, क्लाइड रिव्हर आणि कानाक जवळपास एका रेषेत आणि कागदाच्या डाव्या अंगाला आले पाहिजेत. उजवीकडे गेले असतील तर रेखांश उलटे मोजले. इकालुइत तांबड्या वर्तुळाच्या बाहेर पडले पाहिजे. आत आले तर कंपास सरकला.

इकालुइत वृत्ताबाहेर पडले की एखादे मूल हमखास म्हणते, ‘म्हणजे ते आर्क्टिकमध्ये नाही?’ हा प्रश्न वाया घालवू नका. आर्क्टिक वृत्त सूर्याच्या हिशेबाने आखलेले आहे, माणसे आणि बर्फ त्या रेषेला विचारून वागत नाहीत.

## टप्पा २: आधी माणसे, तीही आजची

या तासिकेत हवामानबदल हा शब्द काढायचाच नाही. अवघड जाते, पण काढू नका.

फळ्यावर एका बाजूला मुलांची आजवरची समजूत लिहून घ्या: बर्फाचे घर, कच्चे मांस, कुत्र्यांची गाडी. मग एकेक घ्या. ‘इग्लू’ या इनुइट शब्दाचा अर्थच मुळी घर. सिमेंटचे असो की लाकडाचे, ते इग्लूच. बर्फाचे घर शिकारीच्या वाटेवर बांधत आणि ते कौशल्य आजही काहींकडे आहे, पण लोक राहतात ती घरे लाकडी, तापवलेली, बरीचशी खांबांवर उचललेली. खांब का, ते चौथ्या टप्प्यात येईल. नुनावुतच्या बहुतेक गावांत पाणी घरोघर टँकरने येते. हे सांगितले की आपल्याकडची मुले एकदम सरसावून बसतात. बर्फाच्या प्रदेशात टँकर! जमिनीत नळ पुरला तर पाणी गोठते, इतके साधे कारण आहे.

मग नुनावुतचे चित्र उभे करा. १ एप्रिल १९९९ रोजी वेगळा झालेला प्रदेश, पंचवीस गावे, लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ताच नाही. विमान, उन्हाळ्यात बोट, आणि हिवाळ्यात गोठलेला समुद्र. किराणा विमानाने किंवा उन्हाळ्यातल्या जहाजाने येतो, म्हणून महाग. सील, कॅरिबू (तिथला रेनडियर), ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा हे ‘पारंपरिक खाद्य’ म्हणून कौतुकाचे नाही, रोजच्या जेवणाचा भाग आहे. सीलच्या शिकारीवर मुले नाक मुरडतील. तिथे थांबा आणि विचारा, कोळीवाड्यात मासे धरतात तेव्हा आपण काय म्हणतो?

आता भाषा. ‘त्यांच्याकडे बर्फाला शंभर शब्द आहेत’ हे वाक्य टाळा. इनुइट भाषेत एका मूळ शब्दाला प्रत्यय जोडत जाऊन अख्खे वाक्य एका शब्दात येते, त्यामुळे मोजदाद निरर्थक ठरते. त्यापेक्षा चारच शब्द नीट द्या. कनिक म्हणजे पडणारा हिम. अपुट म्हणजे जमिनीवर साठलेला. सिकु म्हणजे समुद्रावर गोठलेला बर्फ. सिला म्हणजे हवा, बाहेरचे जग, आणि त्याच शब्दात शहाणपणही. हवा कळणे आणि शहाणे असणे यांना एकच मूळ.

यानंतर मुलांना घरचे शब्द आणायला सांगा. शेतकऱ्यांच्या घरून मृग, आर्द्रा, मघा, हस्त येतील. किनाऱ्यावरची मुले मतलई वारा, खारा वारा, उधाण, भांगाची भरती आणतील. माझ्या वर्गात एका मुलीच्या आजोबांनी ‘मतलई सुटला की होडी काढायची’ एवढेच सांगितले होते. त्या एका ओळीत वेळ, दिशा आणि धोका तिन्ही आहेत हे मुलांनी स्वतः शोधले. इनुइट ज्याला कौजिमाजातुकांगित म्हणतात, म्हणजे फार पूर्वीपासून कळत आलेले आणि आजही उपयोगी पडणारे, ते असले ज्ञान असते. नुनावुतच्या २००८ च्या शिक्षण कायद्यात तेच शिक्षणाचा पाया मानले आहे.

> सावध: ‘म्हणजे ते अगदी आपल्यासारखेच’ असा निष्कर्ष काढू देऊ नका. आपल्या शब्दांनी दार उघडायचे, आत गेल्यावर त्यांचेच ऐकायचे.

तिथल्या शाळांविषयी एक गोष्ट शिक्षकाला माहीत हवी. कॅनडात मूळ रहिवाशांची मुले पिढ्यान् पिढ्या घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवली गेली, त्यांची भाषा बंद केली गेली. सरकारने २००८ मध्ये माफी मागितली. म्हणून ‘शिक्षण दिले की सगळे सुटेल’ हे वाक्य या पाठात जपून वापरा.

## टप्पा ३: दोन ग्लास

इथून विज्ञान. आणि इथे सर्वांत जास्त चुका.

तासिका सुरू होताच मांडणी करा, गप्पा नंतर. बर्फाचे खडे वितळायला मार्चमध्येही अर्धा-पाऊण तास लागतो आणि नेमके निकाल यायच्या वेळी घंटा होते. खडे लहान घ्या.

1. पहिल्या ग्लासात बर्फाचे चार खडे टाका, मग पाणी ओता. खडे तरंगले पाहिजेत, तळाला टेकता कामा नयेत.
2. दुसऱ्या ग्लासात दगड ठेवा, त्याचा माथा पाण्याबाहेर राहील एवढेच पाणी ओता आणि चार खडे दगडाच्या माथ्यावर ठेवा.
3. बर्फ ठेवून झाल्यावर दोन्ही ग्लासांवर पाण्याच्या पातळीची खूण करा. आधी खूण करून मग बर्फ टाकला तर प्रयोग तिथेच संपला.
4. बाहेरून काच पुसत राहा. दमट हवेत काचेवर पाणी जमते आणि ‘ग्लास गळतोय’ अशी आरोळी येते.

तरंगत्या बर्फाच्या ग्लासात पातळी जागच्या जागी राहते, दगडाच्या ग्लासात वाढते. पहिला ग्लास म्हणजे सागरी बर्फ, दुसरा म्हणजे ग्रीनलंडसारखा जमिनीवरचा बर्फ. हिमनग हा जमिनीवरच्या हिमनदीतून तुटून आलेला तुकडा, तो सागरी बर्फ नव्हे. ग्रीनलंडवरचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे सात मीटर चढेल, पण त्याला शतके लागतील. हे दुसरे वाक्य गाळून पहिलेच सांगणारे शिक्षक पुष्कळ, आणि मुले रात्री झोपत नाहीत.

बहुतेकांचा पाठ इथे संपतो: सागरी बर्फ वितळला तरी पातळी वाढत नाही, म्हणजे फार बिघडत नाही. खरा पाठ इथून सुरू होतो. पहिला ग्लास पुन्हा पुढे करा आणि विचारा, ‘पातळी तेवढीच आहे. मग या ग्लासातले काय गेले?’

थोडा वेळ शांतता पसरते. मग कोणीतरी म्हणते, ‘वरून चालता येत होतं.’

हेच हवे होते. आता मागच्या तासिकेतला, रस्ते नसलेला नुनावुत जोडा. बर्फ गेला म्हणजे रस्ता गेला, शिकारीची जागा गेली, शेजारच्या गावातल्या बहिणीकडे जाण्याची वाट गेली. बर्फ पूर्ण जायचीही गरज नाही. तो उशिरा धरला, लवकर सुटला किंवा मध्येच पातळ राहिला तरी पुरते. शिकारी पुढे जाण्याआधी हार्पून (शिकारीचा भाला) टोचून बर्फ जोखतो. पण कुठे टोचून बघायचे आणि कुठे बघायची गरजच नाही, हे त्याला आजोबांकडून कळलेले असते. ती खात्री आता डळमळते आहे.

आकडे तीनच द्या. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला. सागरी बर्फ दरवर्षी सप्टेंबरात सर्वांत कमी असतो: १९८० च्या सप्टेंबरात तो सुमारे ७५ लाख चौरस किलोमीटर होता, २०१२ मध्ये सुमारे ३४ लाख, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळापेक्षा जरासाच जास्त. आणि हिम पडलेला बर्फ उन्हाचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग परतवतो, उघडे पाणी जेमतेम सहा-सात टक्के. म्हणून बर्फ गेला की समुद्र आणखी तापतो.

> सावध: ‘दरवर्षी आधीच्या वर्षापेक्षा कमी’ असे म्हणू नका. वर्षावर्षांत चढउतार असतात, उतरता कल अनेक वर्षांचा आहे. एखाद्या वर्षी बर्फ वाढलेला दिसला की वर्गातला हुशार मुलगा तुम्हाला पकडणार.

लोक हातावर हात धरून बसलेले नाहीत, हेही याच तासिकेत. कॅनडातल्या लॅब्राडोरच्या किनाऱ्यावरचे नेन आणि नुनावुतमधले पाँड इनलेट इथून सुरू झालेल्या स्मार्टआइस उपक्रमात गावकरी बर्फाची जाडी मोजणारे यंत्र घसरगाडीवर ठेवून ओढत नेतात. त्या गाडीला कामुतिक म्हणतात. यंत्राचे आकडे आणि जुन्या जाणत्यांचे शब्द एकाच नकाशावर येतात. हा नकाशा गावाच्या कामासाठी आहे, शोधनिबंधासाठी नव्हे.

## टप्पा ४: गोळ्याचा बर्फ आणि रेनडियरचे खूर

मला सगळ्यात आवडणारा प्रयोग हा, आणि पुस्तकात नसल्याने सहसा कोणी करत नाही.

आदल्या दुपारी एका ताटात सुके गवत पसरा, त्यावर किसलेल्या बर्फाचा बोटभर थर द्या. मग वरून पाणी शिंपडा, थर भिजेपर्यंत, आणि ताट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. दुसरे ताट सकाळी वर्गातच करा: तसेच गवत, तसाच थर, पाणी नाही. कोरडे ताटही रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवण्याची चूक मी केली आहे. भुगा आपोआप घट्ट बसतो आणि दोन ताटांत फरकच उरत नाही.

मुलांना एका बोटाने गवतापर्यंत पोचायला सांगा. कोरड्या ताटात पाच सेकंद. दुसऱ्यात बोट घसरते, नख दुखते, शेवटी ताट वाजते.

आता सांगा: रेनडियर हिवाळ्यात खुराने हिम उकरून खालचे दगडफूल खातो. भर हिवाळ्यात हिमाऐवजी पाऊस पडला आणि पुन्हा गोठले की चराईवर हे दुसरे ताट तयार होते. हिमाखालचा चारा जनावराला मिळतो की नाही, या एका गोष्टीला सामी भाषेत गुओहतुन असा शब्द आहे, आणि चराईवर बसलेल्या अशा कडक थराला चुओहकी. यामालमध्ये २०१३ च्या नोव्हेंबरातल्या अशा पावसानंतर त्या हिवाळ्यात सुमारे ६१,००० रेनडियर उपाशी मेले. नेनेट्स कुटुंबाचे घर, गाडी, कपडे आणि पोट सगळे या कळपावर चालते.

इथे मुलांचा एक समज मोडतो आणि तो मुद्दाम मोडू द्या: तापमान वाढले म्हणजे सगळे ऊबदार होते असे नाही. थोडीशी ऊब चुकीच्या महिन्यात आली की जास्त कडक बर्फ होतो.

याच तासिकेत पाच मिनिटे जमिनीला द्या. निदान सलग दोन वर्षे गोठलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. तिच्यावर घर टेकवले तर घराच्या उबेने ती सुटते, म्हणून ते खांब. आता हवेनेच ती सुटू लागली आहे. अलास्कात नदीकाठची गोठलेली जमीन सुटून, ढासळून पाण्यात जाते, त्याला युपिक लोक उस्तेक म्हणतात आणि त्या राज्याने हा शब्द आपत्तींच्या यादीत तसाच घेतला. न्यूटॉक हे युपिक गाव त्यामुळेच सुमारे पंधरा किलोमीटरवरच्या मेर्तार्विकला हलले. पहिली कुटुंबे २०१९ मध्ये गेली.

## टप्पा ५: एक फोटो, दोनदा बघायचा

ग्रीनलंडमधल्या कानाकजवळ जून २०१९ मध्ये डॅनिश हवामान संस्थेच्या स्टेफन ओल्सेन यांनी काढलेला फोटो दाखवा: कुत्र्यांची गाडी निळ्या पाण्यातून चालली आहे, मागे डोंगर. पहिल्यांदा दाखवून काही न सांगता लिहायला लावा. ‘बर्फ संपला, कुत्रे समुद्रात’ असे उत्तर ठरलेले.

मग सांगा. पाण्याखाली सव्वा मीटरच्या आसपास जाड सागरी बर्फ शाबूत आहे. अचानक आलेल्या उष्णतेने वरचा थर वितळला आणि बर्फाला भेगा कमी असल्याने पाणी वरच साचले. स्थानिक शिकाऱ्यांना तो बर्फ माहीत होता म्हणून गाडी पुढे गेली. एरवी असे दृश्य पुढे उन्हाळ्यात दिसते, इतके लवकर नाही.

दुसऱ्यांदा दाखवा आणि पुन्हा लिहायला लावा. दोन्ही उत्तरे वहीत शेजारी शेजारी राहू द्या, पहिले खोडू देऊ नका. अस्वल दाखवायचेच असेल तर ते आता, आणि याच पद्धतीने: फोटो कुठला, कधीचा, चौकटीबाहेर काय आहे.

## टप्पा ६: त्यांनी काय मागितले

हा टप्पा वेळ नाही म्हणून गाळला जातो. गाळायचाच असेल तर पाचवा गाळा, हा नाही. गट करा, प्रत्येक गटाला एक चिठ्ठी.

पहिली. इनुइट सर्कम्पोलर कौन्सिल या वेगवेगळ्या देशांतल्या इनुइटांच्या संघटनेच्या तेव्हाच्या अध्यक्ष शीला वॉट-क्लूटियर यांनी डिसेंबर २००५ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाकडे अर्ज केला: अमेरिकेच्या उत्सर्जनामुळे आमचे हक्क बुडतात. आयोगाने अर्ज पुढे नेला नाही, मात्र २००७ मध्ये म्हणणे ऐकून घेतले. *गटाला प्रश्न: हवामान हा मानवी हक्काचा विषय होऊ शकतो का?*

दुसरी. क्लाइड रिव्हर गावाजवळच्या समुद्रात तेलाचा शोध घेण्यासाठी ध्वनिस्फोटांना परवानगी मिळाली होती. गाव न्यायालयात गेले. जुलै २०१७ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती परवानगी रद्द केली, कारण गावकऱ्यांशी नीट सल्लामसलत झाली नव्हती. *प्रश्न: ‘विचारले’ आणि ‘नीट विचारले’ यांत फरक काय?*

तिसरी. नॉर्वेतल्या फोसेनमध्ये सामी पशुपालकांच्या हिवाळी चराईवर १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की परवाने सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग करतात. चक्क्या फिरतच राहिल्या. २०२३ मध्ये तरुणांनी ऑस्लोत मंत्रालये अडवली आणि मग तडजोडीचे करार झाले. *प्रश्न: पवनचक्की चांगली की वाईट?* हा गट नेहमी भांडतो. भांडू द्या. प्रदूषण न करणारी वीजसुद्धा कोणाच्या तरी चराईवरच उभी राहते, हे मुलांना कोणी सांगावे लागत नाही, पण शिक्षकाला ‘पवनऊर्जेचे फायदे’ सांगायचा मोह होतो.

चौथी. आर्क्टिक कौन्सिल या उत्तर ध्रुवाभोवतीच्या देशांच्या मंचात आठ देश सदस्य आहेत आणि मूळ रहिवाशांच्या सहा संघटना कायम सहभागी म्हणून बसतात, निर्णयाआधी त्यांचे मत घ्यावे लागते. भारत २०१३ पासून तिथे निरीक्षक आहे. *प्रश्न: त्या खोलीत कोणाचा आवाज मोठा, भारताचा की सामी कौन्सिलचा?*

चौथ्या चिठ्ठीला जोडून आपला खरा धागा येतो, तोही मापात ठेवा. स्वालबार्डवरच्या नी-ओलेसुंद इथे २००८ पासून भारताचे हिमाद्री केंद्र आहे, आणि ते चालवणारी राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन संस्था गोव्यात, वास्कोला. मुलांना अभिमान वाटेल, वाटू द्या. पण ‘आपले शास्त्रज्ञ तिथे इनुइटांसोबत राहतात’ असे सांगू नका. स्वालबार्डला मूळ रहिवासी नाहीत. आर्क्टिक आणि मान्सूनच्या नात्यावर अभ्यास चालू आहे, एवढेच म्हणा. ‘तिकडे बर्फ वितळला म्हणून आपल्याकडे गारपीट’ असे ठोकून देऊ नका.

> सावध: नाटुकली नको. घोंगडी पांघरून इनुइट होणे हा इग्लूचाच पुढचा अंक आहे. मुलांना सामी किंवा इनुइट करू नका, न्यायाधीश किंवा वार्ताहर करा. प्रश्न विचारणे त्यांचे काम, उत्तर त्या चिठ्ठीत जेवढे आहे तेवढेच.

## टप्पा ७: पाठ पोचला का

प्रतिज्ञा, घोषवाक्ये, फलक काहीही नको. कोरा कागद द्या आणि माझ्या त्या पहिल्या पाठातलेच काम सांगा: उत्तरेकडच्या एका गावाचे चित्र. नाव लिहिलेच पाहिजे, नकाशातल्या आठांपैकी एक.

कागद गोळा केल्यावर चार गोष्टी बघा. गावाचे नाव आणि चित्र जुळते का (फोसेनमध्ये रेनडियरऐवजी सीलची शिकार काढली असेल तर नाही). माणूस काहीतरी करताना दिसतो का, की नुसता बघतो आहे. बर्फ कुठला आहे, समुद्रावरचा की जमिनीवरचा. पेंग्विन आहे का.

एखादे मूल घाबरलेले वाटले तर त्याला वेगळे बसवून समजूत घालू नका, त्याने वर्गासमोर लाजून गप्प बसण्याचीच शक्यता जास्त. त्याला सहाव्या टप्प्यातली एक चिठ्ठी द्या आणि पुढच्या आठवड्यात त्या प्रकरणाचे पुढे काय झाले ते शोधून आणायला सांगा. शेवटच्या वेळी मी दुसरी चिठ्ठी अशी एका मुलाला दिली होती. त्याने पृथ्वीगोलावर क्लाइड रिव्हर शोधले, सापडले नाही, आणि पेनाने स्वतःच एक टिंब काढून ठेवले. शाळेच्या गोलावर पेन चालवल्याबद्दल मला मुख्याध्यापकांना उत्तर द्यावे लागले. टिंब बरोबर जागी होते.